रिपोर्टवरचे ‘पॉझिटिव्ह’

महोदय,

‘पॉझिटिव्ह’ हा इंग्रजी शब्द आता मराठी घरांत रोजचा झाला आहे. ‘पॉझिटिव्ह विचार करा’ या उपदेशात तो चांगल्या अर्थाने येतो आणि रक्तगटापुढे लागला, की त्यात बरेवाईट काहीच नसते. तांबड्या पेशींवर आरएच घटक आहे, एवढेच तो सांगतो. तपासणीच्या रिपोर्टवर मात्र तोच शब्द दिसला, की घरात धास्ती पसरते आणि ती दर वेळी रास्त असतेच असे नाही.

जे शोधण्यासाठी तपासणी केली ते सापडले, एवढाच त्याचा वैद्यकातील अर्थ आहे. सापडलेले इष्ट की अनिष्ट, हे त्यावरून कळत नाही. ‘ब’ प्रकारच्या काविळीत ‘एचबीएसएजी पॉझिटिव्ह’ म्हणजे विषाणूचा संसर्ग आहे, तर ‘अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह’ म्हणजे त्याच विषाणूपासून संरक्षण देणारी प्रतिपिंडे रक्तात आहेत, बहुधा लस लागू पडली आहे. नर्सिंगला प्रवेश घेतलेल्या आमच्या नात्यातील एका मुलीचा हा दुसरा रिपोर्ट आला, तेव्हा ठळक अक्षरांतला तेवढा शब्द वाचून घरच्यांनी तिची ताटवाटी वेगळी काढली. वास्तविक संसर्ग असता तरी हा आजार ताटावाटीतून पसरत नाही. स्तनाच्या कर्करोगात तर ‘ईआर पॉझिटिव्ह’ या शेऱ्याचा अर्थ, संप्रेरकांवरील औषधांचा उपयोग होण्याची शक्यता आहे, असा असतो; पण आधीच खचलेल्या रुग्णाला ते कोणी समजावून सांगितले नाही, तर आणखी एक वाईट बातमी आली असेच तिला वाटते.

कोरोनाच्या काळात वृत्तपत्रांतून ‘अहवाल सकारात्मक आला’ असे सर्रास छापले गेले. आजार झाल्याची बातमी ‘सकारात्मक’ म्हणून वाचणे विचित्र होते. ‘विषाणू आढळला’ हे त्याहून सरळ आणि नेमके मराठी आहे.

म्हणून प्रयोगशाळांनी इंग्रजी शेऱ्याखाली ‘विषाणू आढळला’, ‘संरक्षक प्रतिपिंडे आढळली’ अशी एक मराठी ओळ छापावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. निदान शासकीय रुग्णालयांतील रिपोर्टच्या छापील नमुन्यांपासून आरोग्य विभागाला याची सुरुवात करता येईल.

– एक वाचक, सांगली