वर्षावनातील पक्षी 'हमखास' दाखवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील पक्षीनिरीक्षण सहलींवरचा लेख आणि त्याच पानावरच्या जाहिराती वाचल्या. आंबोली, तिलारी, दांडेली, केरळातील थट्टेकाड यांच्या जोडीला आता श्रीलंकेतील सिंहराजा, बोर्निओ, कोस्टा रिका अशा ठिकाणच्या वर्षावनांतही मुंबईकर पक्षीनिरीक्षकांचे गट जाऊ लागले आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र अमुक पक्षी हमखास दिसेल आणि त्याचे छायाचित्र जवळून मिळेल, असे आश्वासन यातील अनेक जाहिराती देतात. ते पाळण्यासाठी जंगलात जे केले जाते, त्याकडे आयोजकांचे आणि वाचकांचे लक्ष वेधावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी पाहणे आणि सदाहरित जंगलात पक्षी पाहणे यांत मूलभूत फरक आहे. खाडीत हजारो पक्षी उघड्यावर असतात, तर वर्षावनात झाडांच्या शेंड्यांचे छत मिटलेले असते, खाली दिवसाही अंधार असतो आणि बहुतेक पक्षी दिसण्याआधी ऐकू येतात. पाऊण तास काहीच हालचाल नसते आणि मग एकाएकी भृंगराज पक्ष्याच्या मागोमाग निरनिराळ्या जातींचा मिश्र थवा येऊन अवघ्या काही मिनिटांत पुढे निघून जातो. अशा जागी चांगला गाईड म्हणजे मुख्यतः चांगला कान. सिंहराजातील 'सेरेंडिब स्कॉप्स' घुबडाचा शोध हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. श्रीलंकेतील पक्षीतज्ज्ञ आणि गाईड दीपाल वारकागोडा यांना १९९५ मध्ये पावसाळी जंगलात रात्री एक अनोळखी आवाज ऐकू आला, त्या आवाजाचा पिच्छा न सोडता २००१ मध्ये त्यांनी तो पक्षी प्रत्यक्ष पाहिला आणि २००४ मध्ये ती विज्ञानाला नवी जात म्हणून जाहीर झाली. ज्या कामात एका आवाजामागे इतकी वर्षे घालवावी लागतात, ते काम तीन दिवसांच्या सहलीत वीस जातींच्या यादीवर आणून ठेवले, की गाईडपुढे आडमार्गाखेरीज पर्याय उरत नाही.

त्यातला सर्वांत सोपा आडमार्ग म्हणजे मोबाइलला स्पीकर जोडून पक्ष्याचा आवाज वाजवणे. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असे वाटून तिथला नर चारा शोधणे किंवा घरट्याची राखण सोडून धावत येतो, समोरच्या फांदीवर बसून गळा फुगवून उत्तर देत राहतो आणि कॅमेरे चालू होतात. पंधरा मिनिटांनी गट पुढे जातो. पण हंगामात त्याच वळणावर, त्याच नराला, दुसरा गट पुन्हा तोच आवाज ऐकवतो. इक्वाडोरच्या जंगलातील दोन जातींवर या प्रकाराचा अभ्यास झाला आणि तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आवाज वाजवल्याने पक्ष्यांच्या ओरडण्यात बदल होतो, असे त्यात आढळले. यातून कायमचे नुकसान होतेच असे सिद्ध होत नाही, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते. तथापि विणीच्या काळात रोज कित्येकदा खोट्या शत्रूशी झुंजायला लावणे निरुपद्रवी आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आवाज वाजवणाऱ्यावर असली पाहिजे.

घरट्यांची गोष्ट याहून गंभीर आहे. महाधनेशाची (ग्रेट हॉर्नबिल) मादी मोठ्या झाडाच्या ढोलीत शिरून आतून दार लिंपून घेते आणि चोचीपुरती उभी फट ठेवते. पुढचे तीन-चार महिने ती आत असते. या काळात तिची उड्डाणाची पिसे गळतात, त्यामुळे तिला बाहेर पडून स्वतःचे पोट भरणे शक्य नसते. तिचे आणि पिल्लाचे जगणे एकट्या नराच्या फेऱ्यांवर चालते. गळ्यात साठवून आणलेली उंबरवर्गीय फळे तो एकेक करून चोचीच्या टोकाशी आणतो आणि त्या फटीतून आत देतो. झाडाखाली माणसे उभी असली, तर तो भरल्या गळ्याने लांबच्या झाडावर थांबून राहतो. आपल्याला तो दिसत नाही म्हणून गट आणखी जवळ सरकतो आणि ढोलीतल्या मादीचा घास तेवढा लांबतो. पश्चिम घाटात हा विणीचा काळ साधारण जानेवारीपासून एप्रिलपर्यंतचा, म्हणजे नेमका आपल्या सहलींच्या गर्दीचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तीत पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे याचाही समावेश आहे. सहलीला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असते?

हेच श्रीलंका फ्रॉगमाउथचे. बेडकासारख्या रुंद तोंडाचा हा निशाचर पक्षी दिवसभर वाळक्या पानांच्या झुबक्यासारखा निश्चल बसतो. नर-मादी पुष्कळदा एकमेकांना खेटून असतात आणि त्यांची ठरलेली जागा स्थानिक गाईडला माहीत असते. दहा पावलांवरून दोन मिनिटे पाहून मागे फिरले, तर ते डोळेही उघडत नाहीत. माझ्या एका सहलीत मात्र आमच्या आयोजकाने पार्श्वभूमी स्वच्छ यावी म्हणून समोरची फांदी वाकवून धरायला लावली आणि ती जोडी भर दुपारी उडून गेली. मी आणि आणखी दोघींनी तिथेच आक्षेप घेतला, तेव्हा 'लोकांनी पैसे भरले आहेत' असे उत्तर मिळाले. फांदी धरणारा स्थानिक मुलगा खाली मान घालून उभा होता.

त्या मुलाला दोष देणे मला मुळीच मान्य नाही. त्याची मजुरी तुटपुंजी असते आणि खरी कमाई पक्षी दिसल्यावर मिळणाऱ्या बक्षिशीची असते, मग तो थांबा म्हणणार कसा? व्यवस्था बदलली, तर माणसे किती वेगळी वागतात हे अरुणाचलातील पक्के व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात दिसले आहे. तिथे निशी समाजातील, पूर्वी शिकार करणारी माणसे आज धनेशाच्या घरट्यांची राखण करतात. घरटी दत्तक घेण्याच्या योजनेतून शहरांतील लोक त्यासाठी पैसे देतात आणि राखणदारांना त्याचा नियमित मोबदला मिळतो. पक्षी दाखवण्याऐवजी पक्षी सुखरूप राहण्याशी मिळकत जोडली, हे त्यातले मर्म आहे.

मुंबईकडून ही अपेक्षा बाळगायला विशेष कारण आहे. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे बोधचिन्हच महाधनेश आहे. डॉ. सालिम अली याच शहरातले. त्यांनी १९३३ मध्ये त्रावणकोर-कोचीनचे पक्षी सर्वेक्षण केले आणि पुढे १९८३ मध्ये थट्टेकाडचे अभयारण्य झाले, ते आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. तिथे जाणाऱ्या मुंबईच्या गटांनी स्पीकर घेऊन जाऊ नये, एवढे तरी आपल्याला जमायला हवे. लांब कशाला, पावसाळ्यात कर्नाळ्याच्या आसपास तिबोटी खंड्याच्या बिळासमोर कॅमेऱ्यांची जी रांग लागते, तिथूनच सुरुवात करता येईल.

आयोजकांना माझी विनंती आहे, की सहलीच्या माहितीपत्रकात जातींची हमी देऊ नये, आवाज वाजवणार नाही आणि घरट्याजवळ नेणार नाही हे स्पष्ट छापावे, गट सहा-आठ जणांपुरता ठेवावा आणि स्थानिक गाईडला पक्षी दिसो वा न दिसो, ठरलेला चांगला मेहनताना द्यावा. गटाला थांबवण्याचा शेवटचा अधिकारही त्याचाच असावा. सहलीला जाणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वी याच गोष्टी विचाराव्यात. पुरवणीच्या संपादकांनाही सांगणे आहे, की घरट्यातील पक्ष्यांची छायाचित्रे छापणे बंद करावे. छायाचित्रांच्या अनेक स्पर्धांनी ती नाकारायला केव्हाच सुरुवात केली आहे. तसेच दुर्मिळ पक्ष्यांच्या बाबतीत झाडापर्यंतचा पत्ता देऊ नये, तालुक्याचे नाव वाचकाला पुरेसे आहे.

पुढील सहलींचा हंगाम डिसेंबरात सुरू होतो आणि त्यांची नोंदणी दिवाळीच्या सुमारास होते. त्याआधी हे पत्र प्रसिद्ध झाल्यास निदान काही गटांना आपले माहितीपत्रक बदलता येईल.

आपली,
एक पक्षीनिरीक्षक वाचक
मुलुंड (पूर्व), मुंबई