प्रत्येक जळजळ म्हणजे पित्त नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

छातीत जळजळले, आंबट पाणी घशाशी आले की ‘पित्त झाले’ असे म्हणून आपण निदान उरकतो. माझ्या थोरल्या भावानेही तेच केले. दोन दिवस तो पित्ताच्या गोळ्या घेत राहिला आणि अखेर ईसीजी काढल्यावर कळले की तो हृदयविकाराचा झटका होता. तो वाचला, मात्र त्या दोन दिवसांत हृदयाच्या स्नायूची झालेली हानी भरून आली नाही.

अन्ननलिका आणि हृदय यांच्या वेदना वाहून नेणारे मज्जातंतू बऱ्याच अंशी एकाच वाटेने जातात, त्यामुळे अशी गल्लत जाणत्यांचीही होते. जेवणानंतर, वाकल्यावर किंवा आडवे झाल्यावर वाढणारी जळजळ बहुधा आम्लाची असते, तर श्रमाने वाढणारी, दडपण, घाम किंवा धाप घेऊन येणारी, जबड्याकडे किंवा हाताकडे सरकणारी वेदना हृदयाची असू शकते. स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांच्यात ही लक्षणे पुष्कळदा अस्पष्ट असतात, म्हणून शंका आली तर गोळीचा गुण येण्याची वाट पाहत घरी थांबू नये.

हृदय निर्दोष ठरले तरी वारंवार होणारी जळजळ क्षुल्लक ठरत नाही. अन्ननलिकेच्या तळाशी असलेली स्नायूंची झडप सैल पडली की जठरातील आम्ल वर चढते. पोटावरची चरबी, गरोदरपण, धूम्रपान, जठराचा वरचा भाग छातीच्या पोकळीत सरकणे, इतकेच काय, रक्तदाबाची काही औषधेही याला हातभार लावतात. बसलेला आवाज, रात्रीचा कोरडा खोकला, बळावणारा दमा आणि झिजणारे दात यांमागे हेच आम्ल असू शकते, हे अनेकांच्या ध्यानीमनीही नसते. वर्षानुवर्षे आम्ल सोसून अन्ननलिकेला व्रण पडतात, ती अरुंद होते, आणि काहींच्या बाबतीत तिचे अस्तरच पालटते. ‘बॅरेट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या स्थितीतून कर्करोग थोड्याच जणांना होतो, पण ती वेळीच सापडली तर लक्ष ठेवता येते. घास अडकणे, विनाकारण वजन घटणे, रक्ताची उलटी किंवा काळी शौचास होणे, यांपैकी काहीही दिसले तर दुर्बिणीच्या तपासणीला टाळाटाळ करू नये.

आम्लनिर्मिती रोखणाऱ्या ज्या गोळ्या १९८०च्या दशकाच्या अखेरीस आल्या, त्यांनी असंख्य रुग्णांना खरा दिलासा दिला आहे आणि माझा त्यांना विरोध नाही. परंतु त्या साधारणपणे जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायच्या असतात, हे आपल्याला कुणी सांगत नाही. दीर्घकाळ घेतल्यास शरीरातील बी१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकते, आणि एकदम बंद केल्यास जळजळ काही काळ उसळी मारते. मग माणूस घाबरून पुन्हा गोळीकडे वळतो. त्यांच्याइतकेच महत्त्व रात्रीचे जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर ठेवणे, पलंगाची उशाकडची बाजू वीतभर उचलणे, डाव्या कुशीवर झोपणे आणि वजन उतरवणे यांना आहे.

औषधविक्रेत्यांना माझी एवढीच विनंती आहे की, तीच गोळी पुन्हा पुन्हा मागणाऱ्या ग्राहकाला ‘किती दिवस घेता आहात?’ असे विचारावे, आणि उत्तर काही आठवड्यांचे असेल तर त्याला डॉक्टरांकडे पाठवावे.

आपला,
एक वाचक