रकमा छापण्यासाठी एक पानी शासन निर्णय काढा

मा. वित्तमंत्री, महाराष्ट्र राज्य
मंत्रालय, मुंबई

विषय : संगणकीय अहवालांत रकमा छापण्याची पद्धत ठरवण्याबाबत

महोदय,

सरकारी कार्यालयांना डेटाबेसमधून अहवाल काढून देणे हे माझे काम. अनुदान, पगार, देयके, वसुली, तक्ता कशाचाही असो, वाचणाऱ्याची नजर रकमेच्या रकान्यावर जाते आणि नेमका तोच रकाना धड छापलेला नसतो. कोणत्या कार्यालयात काय पाहिले ते सांगत बसत नाही. प्रत्येक प्रोग्रॅमर आपापल्या मनाने आकडा छापतो, कारण कसा छापायचा हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

आपण सव्वा कोटी १,२५,००,००० असे लिहितो. बरीच सॉफ्टवेअर मुळात तीन-तीन अंकांचे गट पाडणारी, त्यामुळे कागदावर १२,५००,००० उमटते. मग लेखाशाखेतला माणूस पेनाचे टोक टेकवत उजवीकडून शून्ये मोजतो. खरे तर यावरचा उपाय जुना आहे. ओरॅकल आणि पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालींत आकड्याचा मजकूर बनवणाऱ्या ‘टू चार’ फंक्शनला आकड्याचा साचा आपणच देतो. त्यात स्वल्पविराम ९९,९९,९९,९९९.०० असे ठेवले की झाले. ब्राउझरमध्ये दिसणाऱ्या तक्त्याला भारतीय लोकेल (देशानुसार लिहिण्याच्या पद्धतीची खूण) सांगितले की गट आपोआप लाख-कोटींचे पडतात. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतले आकडे छापणारे नेहमीचे ‘डेसिमल फॉरमॅट’ मात्र एकाच मापाचे गट जाणते, तिथे आयसीयू ही लायब्ररी (तयार कोडचा संच) जोडावी लागते.

हा साचा बेतूनच द्यावा लागतो. रक्कम त्यात मावली नाही तर ओरॅकल आकड्याच्या जागी ######## छापते. वरचा साचा शंभर कोटींना अपुरा पडतो. अहवालातली सर्वांत मोठी रक्कम म्हणजे शेवटची एकूण बेरीज, म्हणून पहिली गायब होते तीच! वरच्या सगळ्या ओळी ठीक दिसतात, त्यामुळे पहिल्या पानावर सही करणाऱ्या साहेबांच्या ते लक्षातही येत नाही.

‘रुपये लाखांत’ या मथळ्याने होणारा घोळ याहून वाईट, कारण तो दिसत नाही. तीन तालुक्यांना प्रत्येकी १,४०,००० रुपये दिले. प्रत्येक ओळ पूर्ण लाखांत गोल केली की १, १, १ आणि बेरीज ३. आधी बेरीज करून मग गोल केले तर ४,२०,००० म्हणजे ४. दोन अहवाल, दोन बेरजा, आणि लेखापरीक्षकाचा आक्षेप ठरलेला. त्यातून एक तक्ता हजारांत, दुसरा लाखांत, आणि तसे लिहिलेले फक्त पहिल्या पानावर. सातवे पान सुटे हातात आले तर वाचणाऱ्याने काय समजावे?

रुपयाचे चिन्ह १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले गेले आणि त्याच वर्षी त्याला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक यादीत, जागा मिळाली. पण सुरुवातीला काहींनी एका खासगी फॉन्टचा आधार घेतला. त्यात कीबोर्डवरच्या ` या तिरक्या खुणेच्या जागी ₹ बसवलेले होते. फॉन्ट बदलला की ₹ जाऊन ती खूण उघडी पडते. जुन्या नोंदींत या खुणा अजून सापडतात. चिन्ह रकमेच्या आत साठवायचेच कशाला? रकान्याच्या मथळ्यात एकदा लिहिले की पुरते. मागे ‘/-’ चिकटवण्याचेही तसेच. धनादेशावर ते योग्य आहे, पण एक्सेलला अशी रक्कम दिली की ती मजकूर बनते. बेरीज शून्य येते आणि क्रम लावला तर १०,००० हे ९,००० च्या आधी बसते.

अक्षरी रकमेसाठी ओरॅकलवाल्यांची एक जुनी युक्ती आहे : आकडा ज्युलियन तारीख (दिवसांची सलग मोजणी) आहे असे भासवायचे आणि ती शब्दांत मागायची. उत्तर इंग्रजीत येते, लाखांऐवजी मिलियनमध्ये, आणि ५३,७३,४८४ च्या पुढे थेट एरर. मराठीत तर एकोणसाठ, त्रेसष्ट, ब्याण्णव असे शंभरापर्यंतचे शब्द यादी करूनच ठेवावे लागतात. ती यादी शासनाने एकदाच प्रमाणित करून सगळ्यांना द्यावी. आज जो तो आपापल्या शुद्धलेखनाने ती टंकतो.

म्हणून विनंती एका पानाच्या शासन निर्णयाची आहे. डेटाबेसमध्ये रक्कम निव्वळ संख्या म्हणून राहील; स्वल्पविराम, चिन्ह, देवनागरी अंक हे सगळे छापतानाच चढेल. बेरीज पूर्ण रुपयांची होईल आणि गोल करणे त्यानंतर. एकक प्रत्येक पानावर. उणे रकमेला वजाचे चिन्ह, कंस नको. खर्च शून्य असेल तर शून्य छापावे आणि माहितीच आली नसेल तर ‘माहिती अप्राप्त’ असे लिहावे. आज दोन्हींसाठी रिकामी चौकट असते आणि ही लबाडीला सोयीची जागा आहे. पीडीएफसोबत नुसत्या आकड्यांची, एक्सेलमध्ये उघडणारी सीएसव्ही फाइलही द्यावी, म्हणजे विधिमंडळ सदस्याला किंवा पत्रकाराला तेच आकडे पुन्हा टंकावे लागणार नाहीत.

हे सारे निविदेच्या अटींतही यावे, नाहीतर कंत्राटदार ‘हे कामाच्या कक्षेत नव्हते’ म्हणून मोकळा होतो. आणि प्रणाली ताब्यात घेण्यापूर्वी तिच्यात चार रकमा घालून अहवाल छापून पाहावा : शून्य, उणे पन्नास पैसे, ९९,९९,९९९ आणि शंभर कोटी.

आपला,
एक अहवाल-प्रोग्रॅमर