अब्राहामाला ‘यहुदी’ कसे म्हणणार?

संपादक महोदय,
स. न.

‘हिब्रू’, ‘इस्रायली’, ‘ज्यू’, ‘यहुदी’ हे शब्द वर्तमानपत्रांत सर्रास एकमेकांच्या जागी छापले जातात. पुरवण्यांतल्या लेखांत तर या लोकांचा बायबलमधला मूळपुरुष अब्राहामही ‘यहुदी’ होऊन बसतो. वास्तविक ज्याच्यावरून ‘यहुदी’ हे नाव पडले तो यहुदा अब्राहामाचा पणतू. पणतवावरून पडलेले नाव पणजोबाला कसे लावणार?

बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकात अब्राहामाला ‘इब्री’, म्हणजेच ‘हिब्रू’, म्हटले आहे. हिब्रूत ‘ओलांडणे’ या अर्थाचा एक धातू आहे. त्यावरून नदीपलीकडून आलेला तो इब्री, असा अर्थ लावतात. काहींच्या मते एबेर या पूर्वजाचा वंशज म्हणून इब्री. पण एबेर हे नावही त्याच धातूचे. ‘इस्राएल’ हे अब्राहामाचा नातू याकोब याला यब्बोक नदीच्या उतारावरील रात्रभराच्या झुंजीनंतर मिळालेले नाव. इजिप्तच्या मर्नेप्ताह राजाच्या शिलालेखात (इ.स.पू. सुमारे १२०८) ते येते, आणि तेही देशाचे नव्हे, लोकांचे नाव म्हणून.

‘यहुदी’ पुष्कळ नंतरचा. शलमोन राजानंतर या लोकांचे राज्य दुभंगले: उत्तरेस इस्राएल, दक्षिणेस यहुदा. उत्तरेचे राज्य अश्शूरने (असिरियाने) इ.स.पू. ७२२ मध्ये बुडवले. यहुदा मात्र बाबेलच्या (बॅबिलोनच्या) स्वारीपर्यंत, म्हणजे ५८६ पर्यंत टिकले. जे टिकले त्याचेच नाव पुढे सगळ्यांना लागले, मग कुळ कोणतेही असो. बायबलमधल्या एस्तेरच्या गोष्टीतला मर्दखय बन्यामीन कुळातला, तरी ग्रंथ त्याला ‘यहुदी’च म्हणतो. त्यामुळे ‘यहुदी म्हणजे यहुदा कुळाचे वंशज’ ही नेहमीची व्याख्या चुकीची ठरते. कोहेन (पुरोहित) आणि लेवी (त्यांचे मंदिरातले सहायक) हे तर लेवीच्या कुळातले. ‘ज्यू’ हा निराळा शब्द नाहीच. तोच शब्द ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, इंग्रजी असा फिरून आपल्याकडे ‘ज्यू’ झाला आणि अरबी-फारसीतून आला तो ‘यहुदी’.

‘इस्रायली’ हे आज नागरिकत्वाचे नाव. इस्रायलचे सुमारे एक पंचमांश नागरिक अरब आहेत, तेही इस्रायलीच. उलट मुंबई-ठाण्यातला भारतीय ज्यू इस्रायली नव्हे.

वंशाबाबत तर बातम्यांत हमखास घोळ होतो. ज्यू धर्मशास्त्रानुसार ज्यूपण आईकडून येते, कोहेनपण मात्र बापाकडून. १९५० चा परतीचा कायदा १९७० मध्ये दुरुस्त झाल्यापासून ज्यू आजोबा किंवा आजी असलेल्यालाही इस्रायलमध्ये स्थायिक होण्याचा हक्क आहे. पण त्याची आई ज्यू नसेल, तर तिथले रब्बी (ज्यू धर्मगुरू) त्याचे लग्न ज्यू म्हणून लावत नाहीत. बातमीत ‘कायद्याने’ की ‘धर्मशास्त्राने’ हे लिहिले नाही, तर वाचकाचा गोंधळ होणारच.

आईकडच्या वंशाच्या या नियमाची झळ आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजालाही बसली. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. सामाजी, हसाजी ही त्यांच्यात शमुवेल, यहेज्केल या नावांची मराठी रूपे. पेणकर, रोहेकर, दिवेकर ही आडनावे गावांवरून आलेली. अशा समाजाच्या लग्नांआधी आई, आजी, पणजी अशी चौकशी करावी, असा आदेश १९६२ मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बींनी काढला. मोठे आंदोलन झाल्यावर १९६४ मध्ये त्यातून समाजाचे नाव वगळावे लागले.

एक विनंती. ‘बेने’ म्हणजे ‘मुलगे, लेकरे’, म्हणजे मुळातच अनेकवचन. ‘एक बेने इस्रायली’ असे न छापता ‘बेने इस्रायल समाजातील’ असे छापावे.

– एक वाचक, अलिबाग