जबड्याच्या गाठीवरील उपचारासाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या वस्तीवरच्या आठवीतल्या एका मुलीचा जबडा डावीकडून वर्षभर फुगत होता. दुखत नव्हता, म्हणून घरच्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. लेप झाले, दृष्टही काढून झाली. शाळेतल्या आरोग्य तपासणीत डॉक्टरांनी बोटाने दाबलं, तर हाड अंड्याच्या कवचासारखं दबलं! तुकडा तपासायला गेला आणि निदान आलं : अमेलोब्लास्टोमा, म्हणजे जबड्याच्या हाडात वाढणारी एक गाठ. हा कॅन्सर नाही. पण हाड पोखरत जातो, आणि थोडा जरी मागे राहिला तर पुन्हा वाढतो.

लहान मुलांत अशा गाठी विरळाच. जबड्याच्या दुसऱ्या काही गाठींत तर दातच भरलेले असतात. त्यांना ओडोन्टोमा म्हणतात. 2014 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात बुलढाणा जिल्ह्यातल्या 17 वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून 232 दात काढले. 2019 मध्ये चेन्नईत सात वर्षांच्या मुलाच्या गाठीत 526 निघाले. त्याची सूज तिसऱ्या वर्षीच दिसली होती, हे मात्र आकड्याच्या नवलाईत मागे पडलं.

आपल्या मुलीचे उपचार छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात व्हायचे आहेत. शस्त्रक्रियेचा खर्च तिथे बहुतांशी भागेल. अडतं ते बाकीच्या गोष्टींत. आईवडील ऊसतोडीला जातात, उचल आधीच घेतलेली. खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. शिवाय एसटीचं भाडं, मुक्काम, नंतरचं पातळ खाणं. आणि सूज उतरली म्हणजे संपलं, असंही नाही. एक्स-रे काढून बघायला पुढची कित्येक वर्षं जावं लागणार, आणि नेमक्या त्याच फेऱ्या गरिबाघरी पहिल्यांदा बंद पडतात.

म्हणून मंडळाने यंदा देखाव्याचा खर्च आवरून ती रक्कम या कामी द्यायचं ठरवलं आहे. ती पुरणार नाही. आपण जमेल तेवढी भर घालावी. संभाजीनगरात कुणाचे नातेवाईक असतील तर मायलेकींची राहण्याची सोय पाहावी. रुग्णालयात कागदपत्रांसाठी सोबत धावपळ करणारा एखादा जाणता माणूस मिळाला, तर तोही पैशाइतकाच मोलाचा.

देणगी मारुती मंदिरामागच्या कार्यालयात सायंकाळी द्यावी. पावतीशिवाय कुणाच्याही हाती पैसे देऊ नयेत, आमच्याही. मुलीचं नाव कुणी विचारू नये.

घरातल्या पोरांचा दुधाचा दात वेळेवर पडत नसेल, पडल्यावर नवा येत नसेल किंवा हिरडीवर न दुखणारा फुगवटा असेल, तर दातांच्या डॉक्टरांना दाखवून एक्स-रे काढून घ्या.

आपले,
अध्यक्ष व सर्व कार्यकर्ते