‘करी’ कोण, हे पोरांना कळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजची चार पोरं माझ्या दुकानात आली. ‘फॉर्म्युला भारत’ या विद्यार्थ्यांच्या रेसिंग गाड्यांच्या स्पर्धेसाठी ती स्वतः गाडी बांधत आहेत. तिच्या मागच्या चाकांचे हब लेथवर करून हवे होते. ड्रॉइंग बघता बघता विचारलं, गाडी पळवणार कुठं? ‘कोइम्बतूरला, काका. करी मोटर स्पीडवेवर.’ आणि हे करी कोण? चौघं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. एकाला ते कुठल्या तरी कंपनीचं नाव वाटत होतं.

पोरांना दोष देत नाही. २००५ साली नारायण कार्तिकेयन फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला आणि त्याचं नाव घरोघरी गेलं. पण सुरुवातीला तो ज्या ‘फॉर्म्युला मारुती’ नावाच्या रेसच्या गाडीतून शर्यतीला लागला, ती गाडी घडवणाऱ्या सुंदरम करिवर्धन यांच्याबद्दल मराठीत मी चार ओळीही वाचलेल्या नाहीत.

पूर्वी मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या विमान धावपट्टीवर शर्यती होत. परदेशी रेसिंग गाडी आणणं म्हणजे संस्थानिकांचं नाहीतर उद्योगपतींचं काम. करिवर्धनही लक्ष्मी मिल्सच्या घराण्यातले, त्यांना पैशाची ददात नव्हती. ते स्वतः शोलावरमला गाडी पळवत. तरी त्यांनी डोकं लावलं ते इथल्या सामानातून, इथल्या पोराला परवडेल अशी गाडी करण्यात.

ती गाडी मी जवळून बघितली आहे. १९९३ साली पंपाच्या कास्टिंगच्या कामाला कोइम्बतूरला गेलो होतो. ते गाव आपल्या उद्यमनगरसारखंच, फौंड्री आणि लेथवर जगणारं. ज्यांच्याकडं काम होतं ते संध्याकाळी एका शेडमध्ये घेऊन गेले. फायबरची बॉडी उतरवून गाडी घोडीवर चढवली होती. नुसत्या पाइपांचा सांगाडा. मी खाली बसून जोड बघितले. प्रत्येक पाइपचं टोक दुसऱ्याच्या गोलाईवर चपखल बसेल असं कानशीनं घासलेलं, मग वेल्डिंग. कुठं फट नाही, कुठं मटेरियलचा गोळा नाही. सीटच्या पाठीमागं इंजिन होतं मारुती ८०० चं, तीन सिलिंडरचं. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांच्या गाडीत होतं तेच! हेड गॅस्केट उडालं तर गावातल्या कुठल्याही दुकानात मिळणार. आणि सगळ्यांना इंजिन एकच, म्हणजे ज्याचा हात चांगला तो पुढं.

परत आल्यावर हे सगळं मी माझ्या मिस्त्रींना सांगितलं. ते लेथ बंद करून ऐकत होते. म्हणाले, ‘मग ही आपल्यालाही जमंल की.’ रेसच्या गाडीबद्दल असं कुणी बोलू शकतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. करिवर्धन यांनी देशाला काय दिलं, असं कुणी विचारलं तर मी हेच वाक्य सांगतो.

१९९५ साली विमान अपघातात ते गेले, ऐन चाळिशीत. २००३ मध्ये कोइम्बतूरजवळ चेट्टीपाळयमला नवा ट्रॅक सुरू झाला, त्याला त्यांचं नाव दिलं. आज कोल्हापूर-पुण्याची पोरं हातानं बांधलेल्या गाड्या घेऊन जातात, त्या त्याच ट्रॅकवर.

माझी विनंती एवढीच आहे. फॉर्म्युला वनच्या निकालांना आपण क्रीडा पानावर जागा देता, तशी एक दिवस करिवर्धन यांना द्यावी. फोटो मोठा छापावा, शक्य झाल्यास गाडीचाही, बॉडी उतरवलेला. पोरं स्पर्धेला निघायच्या आधी अंक निघाला तर फार बरं होईल. हब तयार झाले की कात्रण त्यांच्याच खोक्यात ठेवून देणार आहे.

आपला नियमित वाचक,
एक टर्नर,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर