फडात मशीन आलं, पण उचल माझ्या चुलत्याच्याच नावावर

मा. संपादक साहेब, स.न.

सध्या जिकडं बघावं तिकडं ऊसतोडणीच्या हार्वेस्टरचं कौतुक चाललंय, तोडणी मजुरांच्या टोळ्यांची कटकट मिटली, टोळीला वरून द्यावे लागणारे खुशालीचे पैसे वाचले वगैरे, म्हणून हे पत्र लिहितोय.

मी बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यातला. आई-वडिलांनी अठरा वर्षं कोयता चालवला आणि मी पाचवीपर्यंत निम्मं वर्ष फडाजवळच्या झोपडीत, म्हणजे कोपीतच काढलंय. त्यामुळं आधीच सांगतो, मी मशीनच्या विरोधात नाही. पहाटे चारला उठून दवानं ओल्या झालेल्या पाचटात हात घालायचा, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं आणि पोटात बाळ असलं तरी खाडा पडायला नको म्हणून तेच करत राहायचं, हे सगळं आईनं केलंय आणि आज तिची मान वळत नाही. आमच्याकडच्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा विषय २०१९ ला पेपरात गाजला, पण वस्तीतल्या प्रत्येक घराला तो आधीपासून माहीत होता. असलं काम मशीनने केलं तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार नाही.

पण मागच्या हंगामात चुलत्याला भेटायला कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावी गेलो तेव्हा जे बघितलं ते वेगळंच होतं. टोळी तीन दिवस बसून होती कारण त्यांना ठरलेला उसाचा फड ऐन वेळी मशीनला गेला होता. रात्री आठ-नऊ वाजता मशीन आलं, मोठमोठे लाईट लावून, आणि टोळीतले सगळे बांधावर उभे राहून बघत होते. नवरा-बायकोच्या बारा जोड्यांना चार-पाच दिवस पुरला असता तेवढा ऊस सकाळपर्यंत गायब. पहाटे काकू वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मिळतंय का बघायला गेली तर मशीनने शेंडे कुट्टी करून सगळ्या रानात पसरून टाकलेले, बैलांना टाकायला एक पेंढी निघाली नाही. वाढं विकून रोजचं मीठ-मिरची भागते आमच्या लोकांची, ते पैसे तर कुठल्याच हिशोबात धरत नाहीत.

दुसऱ्या दिवशी टोळीला जो फड दिला तो सगळा लोळलेला, तीन फुटी सरीतला, ओढ्याकडेचा चिखलातला. मुद्दा इथंच आहे साहेब. मशीनला चार-पाच फुटी सरी लागते, मोठा सपाट प्लॉट लागतो, वाफसा लागतो, म्हणजे चांगला ऊस मशीनला आणि मशीन जिथं घुसत नाही तो माणसाला. आणि दर मात्र टनावरच! उभ्या उसात जी जोडी दिवसाला दोन टन तोडते तिचा लोळलेल्या उसात एक टनसुद्धा मुश्किलीनं होतो.

२०२४ च्या जानेवारीत ३४ टक्के वाढ मिळून तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला, चांगलंच झालं. पण चुलत्यानं जोडीमागे एक लाख उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलीये, ३६६ नी भागा, पावणेतीनशे टनाच्या आसपास ऊस तोडला तेव्हा नुसती उचल फिटणार, मजुरी हातात येणं तर लांबच. म्हणजे रोज दोन टन धरले तरी साडेचार महिने एकही दिवस न बसता. त्यातले दिवस मशीनमुळं बसून गेले तर ते कुणाच्या खात्यावर घालायचे? टोळी आणणारा मुकादम म्हणतो मी काय करू, कारखाना म्हणतो आमचा करार मुकादमाशी. शिल्लक राहिलेली उचल पुढच्या वर्षाला, म्हणजे पुढच्या वर्षी परत तिथंच जावं लागणार.

सरकारनं २०२३ मध्ये ९०० यंत्रांना अनुदान द्यायची योजना आणली, किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख, जे कमी असेल ते. पण एक-दीड कोटीच्या मशीनचे बाकीचे पैसे कोयतेवाला कुठून आणणार, त्यामुळं मशीन घेणार ते ज्यांच्याकडं आधीच पैसा आहे तेच. आणि अजून एक, आमच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मशीनवर ड्रायव्हर, हेल्पर सगळे पुरुष, म्हणजे गेलेल्या प्रत्येक कोयत्यात एका बाईची मजुरी पूर्ण गेली. तिला कुणी विचारलं का मशीन शिकतेस का म्हणून? माझी चुलत बहीण ट्रॅक्टर चालवते, हार्वेस्टर का नाही चालवणार.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगारांचं महामंडळ आहे, त्यासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचे ठरलंय. त्या पैशातून दहा-पंधरा जोड्यांच्या गटाला मशीनसाठी भांडवल द्या, पोरा-पोरींना ऑपरेटरचं ट्रेनिंग द्या. लोळलेल्या उसाला वेगळा दर लावा, आणि ठरलेला फड मशीनला दिला तर बसलेल्या दिवसांची मजुरी कारखान्यानं उचलीतून वळती करावी.

शेतकऱ्याचा राग मला समजतो, उचल घेऊन टोळ्या पळाल्यात, ऊस वाळलाय, त्यांचंही नुकसान झालंय. पण पुढचा दराचा करार होईल तेव्हा चर्चेला बसणाऱ्या नेत्यांनी नुसत्या टक्केवारीवर न भांडता बसलेल्या दिवसांचा आणि लोळलेल्या उसाचा मुद्दा घ्यावा एवढ्यासाठी हे पत्र छापा ही विनंती. टोळ्या दसऱ्यानंतर निघतात, त्याआधी छापलंत तर बरं होईल.

आपला,
एका ऊसतोड कामगाराचा मुलगा, ता. शिरूर कासार, जि. बीड